अस्मानाचे आईबाप

"आभाळ आलंय" असं मुनशीजींसमोर म्हणायची सोय नव्हती. म्हणणारा सहज म्हणून जायचा. त्याला घाई असायची, कडबा झाकायचा असायचा. पण मुनशीजी त्याच्या वाटेत उभे राहायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "आलं? मग सकाळी कुठं गेलं होतं? केजला?"

समोरचा गडबडायचा. "ढग आल्यात असं म्हनायचं हुतं जी."

"मग तसं म्हण ना. पण तू म्हणणार नाहीस. तुझा बाप म्हणाला नाही, आजा म्हणाला नाही. का नाही म्हणाला, ते विचार."

विचारलं नाही तरी ते सांगायचेच. अभ्र म्हणजे ढग, आणि आभाळ हे त्या अभ्राचं लेकरू. आपल्या मुलखात माणूस मान वर करतो ती एकाच कामासाठी, ढग आहे की नाही ते बघायला. तेवढंच पिढ्यान्‌पिढ्या बघून लोकांनी वरच्या सगळ्या पसाऱ्याला ढगाचंच नाव देऊन टाकलं. हे सांगून होईपर्यंत कडबा भिजायचा तो भिजायचाच.

नाव त्र्यंबकराव, पण सगळं नांदूरघाट त्यांना मुनशीजी म्हणायचं. अमदानी निजामाची. शाळेत वरच्या वर्गाला सगळं उर्दूत आणि वर फारसीचा तास. मुनशीजी ते शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली हिशेब. मी गावचाच, घरची थोडी काळी जमीन. ते हैदराबादेत शिकून आलेले. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी आणि खाली धोतर, असा त्यांचा बारमाही पोशाख होता. 'वरून हैदराबाद, खालून बीड' असं पोरं त्यांच्या माघारी म्हणायची. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडायचंही.

"लफ्जालाही आईबाप असतात, मास्तर," हे त्यांचं पालुपद. शब्दाला ते लफ्ज म्हणायचे. "सोयरीक जमवताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो. आणि जो लफ्ज दिवसभर तोंडात घोळवतो, त्याचं गाव कधी विचारत नाही." मी मूळचा तापट. पोरांचे पाढे कच्चे राहिले की माझं डोकं फिरायचं, आणि शेजारच्या वर्गात हे गृहस्थ एका शब्दावर तासच्या तास घालवत असायचे. पण पोरं त्यांच्या वर्गात हसत असायची आणि माझ्या वर्गात रडत असायची, हेही खरंच.

त्यांचा सगळ्यांत लाडका विषय म्हणजे आभाळ आणि त्याचं गणगोत. आकाश म्हणजे चकाकणारं. अंबर म्हणजे वस्त्र, कुणीतरी आपल्यावर पांघरूण घातलेलं. फारसीतला चर्ख म्हणजे चाक. एवढ्यांचे आईबाप त्यांनी शोधले होते. अडून बसलं होतं ते एकटं अस्मान. त्यांच्या उस्तादांनी सांगितलेलं, की फारसीत आस म्हणजे जातं, तेव्हा आसमान म्हणजे जात्यासारखं गरगर फिरणारं. मुनशीजींना ते पटायचं नाही. "उस्तादांनी पीठ छान पाडलं, पण दाणे कुठले ते सांगितलं नाही," असं म्हणायचे.

मग एकदा ते बीडला गेले आणि तिथं कुणा पारशी ठेकेदाराशी त्यांची गाठ पडली. त्याच्या धर्माच्या जुन्या भाषेत अस्मान हा शब्द आकाशालाही होता आणि दगडालाही. मुनशीजी परतले ते स्वतःच्या घरी न जाता थेट माझ्या दारात. धुळीनं माखलेले, टोपी वाकडी. "मास्तर, दगड! आपल्या संस्कृतातला अश्मन्‌ म्हणजेही दगडच. एकाच आईची लेकरं. एक इकडे राहिलं, एक इराणात नांदायला गेलं! पण वरच्या पोकळीला कुणी दगड का म्हणावं?"

माझी आई ओसरीवर हरभरा निवडत बसली होती. तिनं मान वर न करताच उत्तर दिलं. "दगुड न्हाई तर काय? मागं आमचा गहू कुनी झोडपला मग? फुलांनी?"

मुनशीजी मटकन खाली बसले. गारा! हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आईचं म्हणणं बरोबर की चूक, हे मला आजही सांगता येणार नाही, त्यांनाही सांगता आलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी एका माणसाचा पिच्छा पुरवला. तो माणूस म्हणजे भिवनाथ.

भिवनाथ आमच्या गावचा गारपगारी. गारांपासून पीक राखणं हे त्याच्या घराण्याचं काम. वऱ्हाडाकडून त्याचा कुणी पूर्वज आला होता म्हणतात. फाल्गुनात गहू ओंबीला आला आणि काळा-पिवळा ढग चढला, की भिवनाथनं उघड्या अंगाला भस्म लावायचं, तोंडात कडुलिंबाचा पाला धरायचा, हातात विळा घ्यायचा आणि घरून निघून मारुतीसमोरच्या माळावर ढगाकडे तोंड करून उभं राहायचं. तिथं तो पाला थुंकून काहीतरी पुटपुटायचा आणि गारा दुसरीकडे वळायच्या. निदान गावाची तशी श्रद्धा होती. त्याबद्दल खळ्यावर त्याला वाटा मिळे आणि गावठाणात राहायला जागा. अट एकच. घरापासून माळापर्यंत त्यानं कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. बोलला तर तोंड उष्टं झालं. मग परत घरी जायचं, अंघोळ करायची, नवा पाला घ्यायचा आणि पुन्हा निघायचं.

मुनशीजींच्या मनानं घेतलं, की हा माणूस अस्मानाशी समोरासमोर बोलतो, तर त्याला तो कोणत्या नावानं हाक मारतो? मंत्रात एखादा जुना, कुठंच न उरलेला शब्द दडून बसला असणार. त्यांनी भिवनाथला तंबाखू दिली, घरी जेवायला बोलावलं, त्याच्या पोराला फुकट शिकवलं. भिवनाथ सगळ्याला हसून मान द्यायचा आणि म्हणायचा, "त्ये सांगायचं नसतंय जी."

मग तो फाल्गुन आला. गहू सोन्यासारखा पिवळा झाला होता, चार-आठ दिवसांत विळे लागायचे. दुपारी मावळतीकडून ढग चढला. मी शाळेच्या ओट्यावर उभा होतो. भिवनाथ भस्म लावून, पाला तोंडात धरून झपाझप येताना दिसला आणि त्याच वेळी मुनशीजी वर्गातून बाहेर पडताना दिसले. पुढं काय होणार ते मला कळलं. मी हाक मारेपर्यंत त्यांनी भिवनाथचं मनगट धरलंही होतं.

"भिवनाथा, आता तर बोलणारच आहेस ना त्याच्याशी? मग मला नाव तेवढं सांगून जा."

भिवनाथ मान हलवतोय, हात सोडवतोय, ढगाकडे बघतोय. आणि आमचे मुनशीजी विद्येच्या नादात त्याचा हात सोडीनात. अखेर भिवनाथच्या तोंडून निघालं, "सोडा जी! जाऊ द्या!" पाला खाली पडला. तो क्षणभर त्या पाल्याकडे बघत राहिला आणि मग उलट घराकडे पळत सुटला. तो अंघोळ करून परत निघेपर्यंत गारा पडायला लागल्या होत्या.

त्याचं वर्णन मी करत नाही. ज्याचं शेत आहे त्याला ते नको असतं. गारा थांबल्यावर शिवारात गहू कुठं होता ते दाखवावं लागत होतं. आमचाही गेला. आई नुसती बांधावर बसून राहिली.

गाव भिवनाथवर उलटलं. पाटलांनी दुसऱ्या दिवशी चावडीवर बसायचं ठरवलं आणि काय ठरणार ते सगळ्यांना माहीत होतं. वाटा बंद, आणि पाडव्याच्या आत गाव सोडायचं. भिवनाथनं एवढंच कबूल केलं होतं, की वाटेत माझं तोंड उष्टं झालं. कुणाशी बोलून, ते तो सांगेना. त्याच्या पोराला मुनशीजींनी अक्षर ओळखायला शिकवलं होतं.

मी तडक मुनशीजींकडे गेलो. त्यांना यातलं काही माहीतच नव्हतं. गारा पडल्या याचं वाईट वाटत होतं, पण आपला त्याच्याशी काही संबंध आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी चिडून बोललो. ते पांढरे पडले. मग म्हणाले, "पण मास्तर, गार कुणाच्या उभं राहण्यानं अडत नाही. हे तुम्हालाही माहीत आहे. मी उद्या चावडीवर समजावून सांगतो सगळ्यांना."

मलाही ते पटलं. शिकलेली माणसं आम्ही, आम्हाला वाटलं, खरं सांगितलं की सुटलं.

चावडी गच्च भरली होती. भिवनाथ खांबाशी मान खाली घालून बसलेला. त्याची बायको बाहेर, कडेवर लहान पोर. मुनशीजी उठले, शेरवानीची बटणं चाचपली आणि बोलायला लागले. गारा ही निसर्गाची करणी, ती माणसाच्या मंत्रानं येत नाही आणि जात नाही, तेव्हा यात भिवनाथचा काही दोष नाही. छान बोलले. उर्दू कमी आणि मराठी जास्त, म्हणजे मनापासून बोलत होते.

पाटलांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आसं हाय व्हय? गार कुनाच्यानं आडतच न्हाई? मंग आमी ह्येला आजवर वाटा कशापायी देतो? आं? ह्येच्या बापाला दिला, आज्याला दिला, त्यो काय फुकट?" लोक गलका करायला लागले. "बरुबर हाय! बंद करा! जागा मोकळी करा!"

मुनशीजींच्या खऱ्यानं भिवनाथचा दोष गेला होता आणि त्याची भाकरीही. बाहेर भिवनाथच्या बायकोनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. मुनशीजींची नजर तिकडे गेली आणि तिथंच राहिली. या माणसाला मी इतकी वर्षं बघत होतो. चुकीचा शब्द त्यांनी कधी कुणाच्या तोंडी खपवून घेतला नव्हता, दौऱ्यावर आलेल्या साहेबाच्यासुद्धा नाही. ते खाकरले.

"थांबा, पाटील. मी चुकीचं बोललो." आवाज बारीक झाला होता. "गार अडली असती. भिवनाथनं अडवली असती. मीच त्याला वाटेत धरलं आणि बोलायला लावलं. दोष माझा आहे."

खांबाशी बसलेल्या भिवनाथनं मान वर केली.

"तुमी?" पाटील म्हणाले. "कशापायी जी?"

"एका लफ्जासाठी."

मागून एक म्हातारी उठली. "म्हंजी माजा गहू तुमच्या एका सबदापायी गेला म्हना की!"

"हो, आक्का," मुनशीजी म्हणाले. "त्यापायीच गेला."

मला त्यांचा एवढा अभिमान यापूर्वी कधी वाटला नव्हता, आणि तोही ते स्वतःला न पटणारी गोष्ट बोलत असताना. कुणीतरी ओरडलं, की तहसिलीत कळवा, असला मास्तर आमाला नको. पाटलांनी हात वर केला. बराच वेळ ते मिशी चावत होते.

"मास्तर घालवून गहू उबा ऱ्हातुय का? भिवनाथ, तुजा वाटा चालू. आन मुनशीजी, तुमी मोडलंय तर तुमीच भरायचं. आता फुडल्या साली आभाळ आलं, की भिवनाथच्या जोडीनं तुमीबी माळावर उबं ऱ्हायचं. उगड्या अंगानं, पाला तोंडात धरून."

'आभाळ आलं' असं पाटील सगळ्यांसमोर म्हणाले. मुनशीजींनी त्यांना टोकलं नाही. नुसती मान हलवली.

भिवनाथ राहिला म्हणून माझा जीव भांड्यात पडला. शिक्षेचं हसू आलं होतं. वाटलं, वर्षभरात कोण लक्षात ठेवतंय. गावानं ठेवलं. पुढच्या फाल्गुनात मावळतीला काळं चढलं, तसा पाटलांचा गडी धावत शाळेत आला. मुनशीजी फारसी शिकवत होते. त्यांनी पुस्तक मिटलं, बाहेर आले आणि शेरवानीची बटणं एकेक करून काढली. ती शेरवानी मी प्रथमच त्यांच्या अंगावरून उतरलेली बघत होतो. आतली बरगडी न्‌ बरगडी दिसत होती. माझ्या आईनं त्यांना पाला आणून दिला. बोलायचं नाही ही खरी शिक्षा होती. वाटेत दोघातिघांनी मुद्दाम "मुनशीजी, आभाळ आलंय जी!" म्हणून छेडलं. त्यांचे गाल फुगले, कान लाल झाले, पण पाला सुटला नाही.

माळावर दोघं उभे राहिले. भिवनाथ भस्म लावलेला, काळा, पहाडासारखा, आणि त्याच्या शेजारी आमचे गोरे, काटकुळे, चष्मा लावलेले मुनशीजी. सगळं गाव मारुतीच्या देवळाशी गोळा झालं होतं. कुणी हसत नव्हतं. मागच्या वर्षीचं शिवार सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं. वारा सुटला. पाच-सहा गारा टपटप पडल्या आणि बायांनी हंबरडा फोडला. भिवनाथनं पाला थुंकला, विळा उचलला आणि काहीतरी बोलायला लागला. आम्हाला ऐकू येत नव्हतं. मुनशीजी त्याच्या अगदी जवळ होते.

मग पाऊस आला, नुसता पाऊस, सरीवर सर, आणि बघता बघता ढग केजच्या अंगाला सरकला. केजवाल्यांचं काय झालं ते विचारायची आमच्याकडे कुणाला सवड नव्हती. पाटील चिखलात फतकल मारून बसले आणि लहान पोरासारखे हसायला लागले. म्हाताऱ्या आक्कानं स्वतःच्या पदरानं मुनशीजींचं डोकं पुसलं. ते शिंकत होते. गहू उभा होता, आणि त्यापलीकडे कुणाला काही नको होतं.

घरी येताना मी त्यांना शेरवानीत गुंडाळून धरलं होतं. न राहवून विचारलं, "ऐकलंत का? कोणतं नाव घेतलं?"

"घेतलंच नाही," मुनशीजी म्हणाले. दात वाजत होते. "नुसतं म्हणत होता, 'खाली लेकरं हाईत बाबा, बगून पड. लेकरं हाईत खाली, बगून पड.' पुन्हा पुन्हा तेच. नंतर मी विचारलं त्याला, नाव का नाही घेतलंस? तर म्हणाला, 'वडीलधाऱ्याचं नाव घेत्यात व्हय जी?'"

"म्हणजे एवढी वर्षं फुकट गेली तुमची."

"फुकट?" ते थांबले. पाऊस निथळत होता. "मास्तर, मी ज्याचे आईबाप हुडकत होतो, त्याला भिवनाथ बापच म्हणतो. मला फार बरं वाटलं हो." आणि खरंच त्यांचा चेहरा असा मोकळा झाला होता, की मला पुढं काही चिडवावंसं वाटलं नाही. गारा भिवनाथमुळे वळल्या का, हेही मी एकदा विचारलं होतं. "मला काय विचारता?" म्हणाले. "मी पाला चावत होतो."

त्यानंतर दरसाल ते उभे राहिले. पाटलांनी सांगायची गरज उरली नाही. मग एका माघात वरून हुकूम आला, मुनशीजींची परभणीला बदली. पाटील घोडीवर बसून तडक केजच्या तहसिलीत गेले. साहेब हैदराबादचे. त्यांना वाटलं, मुलांच्या परीक्षा जवळ आल्या म्हणून पाटील आले असावेत. "ल्येकरांचं न्हाई जी," पाटील म्हणाले, "गारंचं हाय. मुनशीजी न्या, पन आमचा गहू घरात आल्यावर न्या." साहेबांना ते दोनदा समजावून सांगावं लागलं म्हणे. शेवटी त्यांनी हसत हसत वर शिफारस केली आणि पीक निघेपर्यंत बदली थांबली.

मळणी झाल्यावर गाडी जुंपली. पाटलांनी गव्हाचं पोतं गाडीत टाकलं आणि म्हणाले, "ह्यो तुमचा वाटा." मुनशीजी नको म्हणाले नाहीत. गाव शिवेपर्यंत आलं. सगळ्यांच्या मागून भिवनाथ पुढं झाला, त्यांच्या पायांना हात लावला आणि विचारलं, "परभनीला गारपगारी हाय का जी?"

"नसावा."

"मंग तुमीच उबं ऱ्हावा की तितं. तुमाला येतंय आता."

हैदराबादेत मुनशीजींनी परीक्षा दिल्या होत्या, पहिला नंबर काढला होता, भरल्या दरबारात शाबासकी घेतली होती. ते सगळं ते हसून सांगायचे. 'तुमाला येतंय' एवढं ऐकून मात्र त्यांचे डोळे घळघळा वाहायला लागले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. गाडीत चढले, पोत्याला टेकून बसले आणि भिवनाथचा हात हातात धरून म्हणाले, "उभा राहीन."